माडावरची पांढरी माशी आणि तिच्यावर वाढणारी गांधीलमाशी : ठाणे-नवी मुंबईतील बागा व सोसायट्यांसाठी मार्गदर्शन

फेब्रुवारी उजाडला की नवी मुंबईतील अनेक सोसायट्यांमध्ये एकच तक्रार सुरू होते. माडाखाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर सकाळी चिकट थेंब दिसतात, काही आठवड्यांत त्याच माडाखालच्या केळी, जास्वंदी आणि कर्दळीच्या पानांवर काजळीसारखा काळा थर चढतो, आणि मग कुणीतरी वर पाहून म्हणते की माडाला रोग लागला. प्रत्यक्षात तो रोग नसतो. झावळीच्या पात्यांच्या खालच्या बाजूला बसून रस शोषणाऱ्या एका परदेशी पांढऱ्या माशीचे ते काम असते. शोषलेल्या रसातील जास्तीची साखर ती चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते आणि त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. दिवाळे, करावे, सारसोळे, गोठिवली अशा मूळ गावांतील परसातले जुने माड असोत, घोडबंदर रस्त्यालगतच्या वाड्या असोत किंवा नेरूळ-बेलापूरच्या सोसायट्यांनी शोभेसाठी लावलेले ठेंगू माड असोत, किडीच्या खुणा सारख्याच असतात.

या किडीला आपल्याकडे रुगोज चक्राकार पांढरी माशी म्हणतात आणि तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅल्युरोडिकस रुगिओपर्क्युलेटस असे आहे. ती मूळची मध्य अमेरिकेतली. २००९ मध्ये ती अमेरिकेतील फ्लोरिडात आढळली आणि भारतात तिची पहिली नोंद २०१६ मध्ये तामिळनाडूतील पोल्लाची आणि केरळातील पालक्काड या नारळपट्ट्यात झाली. तिथून रोपांच्या, झावळ्यांच्या आणि शहाळ्यांच्या वाहतुकीबरोबर ती किनारपट्टीने वर सरकत गेली. परदेशातून आलेली कीड इतकी फोफावते याचे मुख्य कारण असे की ती येताना तिच्या मूळ देशातले शत्रू मागेच राहिलेले असतात. म्हणून अशा किडीवरचा टिकाऊ उपाय शोधताना शास्त्रज्ञ आधी तिच्या मायदेशातल्या शत्रूंकडे पाहतात.

आपले भाग्य असे की या माशीचा शत्रू तिच्याआधीच भारतात पोहोचलेला होता. एन्कार्सिया ग्वाडेलूपी नावाची ही परोपजीवी गांधीलमाशी. १९९० च्या दशकात आलेल्या दुसऱ्या एका चक्राकार पांढऱ्या माशीच्या मागोमाग ती काही वर्षांत देशात आली, दक्षिणेत स्थिरावली आणि २०१६ नंतर या नव्या माशीकडेही वळली. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत जैविक नियंत्रण करायचे म्हणजे बहुतेक वेळा बाहेरून काही विकत आणायचे नसते. जी गांधीलमाशी माडावर आधीच काम करत आहे ती ओळखायची, तिला मारायचे नाही, आणि जिथे ती कमी आहे तिथे तिला हाताने पोहोचवायचे, एवढेच काम असते. मी हे काही वर्षे करत आलो आहे आणि माझा अनुभव असा, की यातील सर्वांत अवघड भाग मधला आहे, म्हणजे न मारण्याचा.

गांधीलमाशी हा शब्द ऐकून लोक घाबरतात, म्हणून सोसायटीच्या बैठकीत सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करावी. घराच्या वळचणीला पोळे करणारी, डंख मारणारी गांधीलमाशी आणि ही एन्कार्सिया यांचे कूळ दूरचे असले तरी वागणे पूर्ण वेगळे आहे. हिची लांबी एक मिलिमीटरही भरत नाही, ती पोळे करत नाही आणि माणसाला डंख मारत नाही. मादी आपल्या सुईसारख्या अवयवाने पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी त्या पिल्लाला आतून खाऊन संपवते, त्याच कवचात तिचा कोष होतो आणि पूर्ण वाढलेली नवी गांधीलमाशी कवचाला गोल भोक पाडून बाहेर पडते. मुलांच्या खेळण्याच्या जागेशेजारी हे काम सुरू असले तरी कोणाला कळतही नाही.

पान वाचायला शिकणे

सगळ्या कामाचा पाया इथे आहे, म्हणून या भागावर वेळ घालवावा. साहित्य फार लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, वही, पेन्सिल आणि पात्या कापायला कात्री पुरते. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन काढलेला फोटो मोठा करून पाहिला तरी बरेच दिसते. उंच माडावर चढणाऱ्या गड्याला नारळ पाडताना खालच्या आणि मधल्या फळीतील झावळ्यांच्या काही पात्या कापून आणायला सांगावे. किडीची दाटी जुन्या, खालच्या झावळ्यांवर अधिक असते, त्यामुळे शेंड्याची कोवळी झावळी तोडायची गरज नाही आणि ती तोडूही नये.

पाती उलटी करून पाहिली की मेणचट पांढऱ्या धाग्यांत गुंडाळलेली वर्तुळाकार किंवा चक्राकार नक्षी दिसते. ही मादीची अंडी घालण्याची पद्धत आहे आणि तिच्यावरूनच किडीला नाव मिळाले आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू थोडे चालते, मग एका जागी चिकटून बसते आणि पुढच्या अवस्था तिथेच पार पाडते. शेवटच्या अवस्थेतील कोष जाड मेणाखाली असतो. मऊ रंगकुंचल्याने वरचे मेण हळूच बाजूला केल्याशिवाय त्याचा रंग कळत नाही आणि इथेच बहुतेकांची चूक होते. पांढरा कापूस पाहून ते सगळे जिवंत माश्यांनी भरलेले आहे असे समजतात आणि फवारणीवाल्याला बोलावतात.

मेण बाजूला केल्यावर चार प्रकारची कवचे दिसतात. फिकट पिवळसर, भरीव कवच म्हणजे पांढरी माशी आत वाढत आहे. काळपट झालेले भरीव कवच म्हणजे आत गांधीलमाशी आहे. रिकाम्या कवचावर ‘टी’ या इंग्रजी अक्षरासारखी चीर असेल तर पांढरी माशी जगून बाहेर गेली, आणि टाचणीने पाडल्यासारखे स्वच्छ गोल भोक असेल तर तिथून गांधीलमाशी बाहेर पडली. चीर आणि गोल भोक यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा कुणाला विचारावे लागत नाही. आमच्या सोसायटीत माळीकाम करणाऱ्या दादांना मी हे एका दुपारी दाखवले, आणि दुसऱ्या आठवड्यात तेच मला कुठल्या माडावर काळे कोष वाढले आहेत ते सांगू लागले.

आता मोजणी. चार-पाच माड निवडावेत, प्रत्येकाच्या दोन झावळ्यांतून दोन-तीन पात्या घ्याव्यात आणि त्यांवरील मोठ्या कोषांची संख्या लिहावी. समजा एकूण ६० कोष मिळाले आणि त्यांत काळे व गोल भोकाचे मिळून २१ निघाले, तर परजीवीकरण, म्हणजे गांधीलमाशीने गाठलेल्या कोषांचे प्रमाण, ३५ टक्के झाले. जुनी रिकामी कवचे पानावर बराच काळ चिकटून राहतात, त्यामुळे भरीव कोषांची आणि रिकाम्या कवचांची मोजणी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावी. रिकामी कवचे मागील पिढीचा हिशेब सांगतात, तर भरीव कोष आज काय चालले आहे ते सांगतात. मी दर तीन आठवड्यांनी मोजतो. भरीव कोषांपैकी निम्म्याहून अधिक काळे असतील तर त्या माडाला हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे. एक चतुर्थांशाहूनही कमी असतील आणि नक्षी ताजी व दाट असेल, तर बाहेरून गांधीलमाशी आणण्याचा विचार करतो. मधल्या स्थितीत फक्त पुढच्या मोजणीची वाट पाहतो, कारण एकदा वाढू लागलेले प्रमाण सहसा वाढतच जाते.

आधी काय थांबवायचे

ज्या माडावर गांधीलमाशी सोडायची आहे किंवा टिकवायची आहे, त्यावर रासायनिक कीटकनाशकाची फवारणी पूर्ण बंद करावी. पांढरी माशी पात्यांच्या खालच्या बाजूला मेणाखाली असते, चाळीस-पन्नास फुटांवर खालून मारलेला फवारा तिच्यापर्यंत धड पोहोचत नाही, आणि जो पोहोचतो तो उघड्यावर फिरणाऱ्या गांधीलमाशीला आधी मारतो. परिणामी दोन आठवडे सगळे स्वच्छ दिसते आणि मग कीड पूर्वीपेक्षा जोमाने परतते. आमच्याच आवारात एका वर्षी फवारणीचा ठेका दिला गेला होता. त्याआधीच्या मोजणीत काळ्या कोषांचे प्रमाण चांगले चढत होते, आणि फवारणीनंतरच्या उन्हाळ्यात शोधूनही काळे कोष मिळेनात. मला त्याचे आजही वाईट वाटते, कारण तो उन्हाळा आम्ही स्वतःच्या हाताने गमावला. शिवाय त्या माडांची शहाळी मुले पितात, हे वेगळे सांगायला नको.

या किडीने मोठा माड मरत नाही. तो काळा पडतो, मलूल दिसतो, खालची झाडे काजळतात, पण एवढ्यावरून माड तोडायचा निर्णय कोणी घेऊ नये. ही खात्री दिली की वाट पाहण्याची सर्वांची तयारी वाढते.

डासांसाठी होणारी धूरफवारणी आवश्यक असते आणि ती बंद करा असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्या विभागात ती कोणत्या दिवशी होते याची चौकशी करून गांधीलमाशी सोडण्याचा दिवस तिच्यापासून शक्य तितका लांब ठेवावा. पिवळे चिकट सापळे माडाच्या खोडावर लावण्याची शिफारस केली जाते आणि प्रौढ पांढऱ्या माश्या त्यांवर अडकतातही, पण पिवळ्या रंगाकडे गांधीलमाश्याही ओढल्या जातात. म्हणून गांधीलमाशी सोडण्याआधी दाटी कमी करायला सापळे वापरावेत आणि सोडण्याच्या वेळी काढून घ्यावेत, असे माझे मत आहे. मुंग्यांकडेही लक्ष हवे. चिकट गोड द्रवासाठी त्या खोडावर ये-जा करतात आणि अंडी घालायला आलेल्या गांधीलमाशीला त्रास देतात. शेजारच्या फांद्या झावळ्यांना टेकत असतील तर छाटाव्यात, म्हणजे मुंग्यांना खोडाखेरीज दुसरी वाट राहत नाही, आणि खोडाभोवती गुंडाळलेल्या जाड कागदाच्या पट्टीवर ग्रीस लावून ती वाटही अडवता येते. ग्रीस थेट खोडाला लावू नये.

दाटी फारच असेल तर पाण्याचा जोरदार फवारा हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. ठेंगू माडावर पाइपने पात्यांच्या खालच्या बाजूला पाणी मारले की अंडी, पिल्ले आणि मेण बऱ्याच अंशी धुऊन जाते. पण त्याबरोबर काळे कोषही वाहून जातात, म्हणून ज्या झावळीवर ते चांगल्या संख्येने आहेत ती सोडून बाकीच्या धुवाव्यात. निंबोळी तेल एका लिटर पाण्याला ५ मिलिलिटर या प्रमाणात, थोडा साबण मिसळून, फक्त अतिदाट झावळ्यांवर एकदा मारता येते. त्यानंतर गांधीलमाशी सोडायला किमान दोन आठवडे थांबावे.

गांधीलमाशी आणणे आणि सोडणे

पाऊस संपल्यावर किडीची संख्या हळूहळू वाढू लागते आणि उन्हाळ्यात ती शिगेला पोहोचते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या कामाला उत्तम. कीड थोडी आहे पण गांधीलमाशीला वाढायला पुरेशी आहे, हवा कोरडी आणि सौम्य आहे, आणि उन्हाळ्याआधी तिच्या दोन-तीन पिढ्या होऊ शकतात. एप्रिलमध्ये गाडीची काच काळी झाल्यावर धावपळ करणाऱ्यांना त्या वर्षी फारसे काही मिळत नाही.

काळे कोष कुठून आणायचे? जिथे अलीकडे फवारणी झालेली नाही आणि निम्म्याहून अधिक कोष काळे आहेत, अशी जवळची बाग शोधावी. गावठाणातील परसातले माड यासाठी बहुधा उत्तम ठरतात, कारण तिथे कोणी औषध मारत नाही. मालकाला विचारून, कशासाठी हवे ते सांगून पात्या घ्याव्यात. बाग जवळचीच असावी याला कारण आहे. जिथे ही पांढरी माशी पोहोचलेलीच नाही तिथे तिची कवचे असलेली पाती नेणे म्हणजे कीड स्वतः पोहोचवणे. पात्यांवर पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा अन्य काही दिसले तर ती पाती तिथेच टाकून द्यावी.

पाती सुरीने साधारण बोटभर लांबीच्या तुकड्यांत कापावी आणि काळ्या कोषांचे तुकडे तेवढे निवडावेत. ताजी अंड्यांची नक्षी आणि फिकट पिल्ले ओल्या कापडाने पुसून टाकावीत. तुकडे कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बाफ धरून बुरशी येते आणि बंद गाडीत दुपारी ठेवलेली पिशवी म्हणजे भट्टीच. सकाळी कापून त्याच दिवशी संध्याकाळच्या आत लावणे हेच खरे.

पुसूनही पांढऱ्या माश्या बरोबर जातील अशी शंका असेल, तर मी खोक्याची पद्धत वापरतो आणि ती घरीच करता येते. बुटांचे रिकामे खोके घ्यावे, सर्व फटी चिकटपट्टीने बंद कराव्यात, एका बाजूला भोक पाडून त्यात पारदर्शक नळी किंवा छोटी काचेची बाटली तोंड आत करून बसवावी आणि तिच्या आत मधाची एक अगदी बारीक रेघ ओढावी. काळ्या कोषांचे तुकडे खोक्यात ठेवून ते सावलीत, बाटलीचे टोक खिडकीकडे करून ठेवावे. बाहेर पडलेल्या गांधीलमाश्या उजेडाकडे येतात आणि बाटलीत जमतात. त्या ठिपक्यांएवढ्या असतात, तर चुकून आलेली पांढरी माशी तिच्या पांढऱ्या पंखांमुळे लगेच ओळखू येते. तिला वेगळी काढून, रोज सकाळी बाटली बदलून, जमलेल्या गांधीलमाश्या त्याच दिवशी माडावर सोडाव्यात. मध जाड लागला तर त्या त्यातच अडकून मरतात. हे माझ्याकडून एकदा घडले आहे, म्हणून रेघ खरोखर केसाएवढी ठेवावी.

तुकडे थेट बांधायचे असल्यास खालच्या-मधल्या झावळीच्या किडीच्या पात्यांच्या खालच्या बाजूला, कोष बाहेरच्या दिशेला राहतील असे, सुती दोऱ्याने किंवा स्टेपलरने लावावेत. सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा संध्याकाळी लावावेत आणि पावसाची चिन्हे असतील तर काम पुढे ढकलावे. एका माडाला मी दहा-बारा तुकडे, दोन-तीन झावळ्यांवर विभागून लावतो. पंधरवड्याने तेच पुन्हा करतो, कारण एकाच दिवशी लावलेले सारे कोष एकाच वयाचे असतील तर त्या काळात योग्य वयाची पिल्ले पानावर नसण्याचा धोका राहतो.

खूप उंच माडांबाबत एक सोपी वाट आहे. माडाखाली कर्दळ किंवा केळीचा ठोंब असेल तर पांढरी माशी त्यावरही असते. तुकडे तिथेच लावावेत. कर्दळ हाताच्या उंचीवर असल्याने रोज पाहता येते, तिच्यावर गांधीलमाशी वाढली की ती वरच्या झावळ्यांवर आपोआप जाते आणि पुढच्या वर्षी कोष हवे असतील तर माडावर कोणाला चढवावे लागत नाही. म्हणून शोभेच्या दृष्टीने नको वाटणारी कर्दळ काढून टाकण्याआधी विचार करावा. मी तर ज्या सोसायटीत जातो तिथे एका कोपऱ्यात चार कर्दळी राखून ठेवायला सांगतो.

काजळीचे काय करायचे

गांधीलमाशीने किडीची नवी पिढी रोखली तरी आधीची काळी बुरशी पानावर राहते आणि लोकांना वाटते की काहीच फरक पडला नाही. ठेंगू माड आणि खालच्या झाडांवर मैद्याची पातळ खळ, एका लिटर पाण्याला १० ग्रॅम या प्रमाणात शिजवून आणि गार करून, पानाच्या वरच्या बाजूला फवारावी. ती वाळून पापुद्र्यासारखी सुटते आणि काजळी बरोबर घेऊन जाते. उंच माडांची काळजी करू नये, ते काम जून-जुलैचा पाऊस करतो.

कुठे ही गांधीलमाशी चालत नाही

माडावर आता आणखी एक परदेशी पांढरी माशी दिसते, बोंडारची घरटी करणारी माशी. ती आकाराने लहान असते आणि तिचे मेण चक्राकार नसून बारीक घरट्यासारखे साठलेले असते. एन्कार्सियावर तिच्यासाठी भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे मोजणी करताना दोन्हींची नोंद वेगळी ठेवावी. नाहीतर काळे कोष भरपूर असूनही पांढरे का वाढते आहे, हे कोडे सुटत नाही. या माशीसाठी पाण्याचा फवारा आणि दमट हवेत संध्याकाळी वापरायची आयसेरिया फ्युमोसोरोसिया ही कीटकांवरील बुरशी हे पर्याय उरतात. तसेच पात्यांचा हिरवा भाग खरवडून खाणारी, जाळी आणि विष्ठेच्या बोगद्यात राहणारी काळ्या डोक्याची अळी ही आपल्याकडची जुनी कीड आहे. तिच्यासाठी गोनिओझस नावाची दुसरी परोपजीवी गांधीलमाशी प्रयोगशाळेत वाढवून दर माडाला सुमारे २० या प्रमाणात सोडतात. दोन्ही कामांची गल्लत करू नये.

परदेशातून परोपजीवी कीटक आणणे हे खासगी काम नव्हे. वनस्पती संगरोध आदेश, २००३ खाली त्यासाठी परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळल्यावर बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून असेरोफॅगस पपई ही गांधीलमाशी तपासणीनंतर आणली आणि ती देशभर वाटली. महाराष्ट्रातील पपई उत्पादकांना तो काळ आठवत असेल. इटलीत चेस्टनटच्या बागांमध्ये २००२ मध्ये आढळलेल्या गाठी करणाऱ्या चिनी गांधीलमाशीवर २००५ पासून टोरिमस सायनेन्सिस ही परोपजीवी गांधीलमाशी सोडली गेली, तीही अशाच शिस्तीने. आपल्याकडे मात्र मार्गदर्शन हवे असल्यास रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र, पालघर येथील नारळ विकास मंडळाचे प्रक्षेत्र आणि कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र ही जवळची ठिकाणे आहेत. जाताना नुसती तक्रार नव्हे, तर कागदी पिशवीत पात्या आणि वहीतली मोजणी घेऊन जावे.

पहिल्या वर्षानंतर

सोडल्यानंतर तीन आठवड्यांनी पहिली मोजणी, मग मे अखेरपर्यंत दर तीन आठवड्यांनी. पावसाळ्यात कीड आणि गांधीलमाशी दोन्ही घटतात, तेव्हा मोजणी थांबवली तरी चालते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पहिली पाती उलटून पाहावी. त्या वेळी पांढरी नक्षी थोडी आणि काळे कोष एखाद-दुसरे जरी दिसले तरी त्या वर्षी काही आणायची गरज नाही. नक्षी आहे आणि काळे कोष अजिबात नाहीत असे दिसले, तर कर्दळीच्या कोपऱ्यात जाऊन पाहावे, तिथे ते बहुधा असतात, आणि तिथूनच तुकडे कापून नोव्हेंबरात काम सुरू करावे.